काटा हिरव्यात

बहुतेक घरांत तो दारामागे असतो,
लोकरी कोटांच्या आड.
मी कोट बाजूला सारते, खुर्ची मागते, चष्मा पुसते.
बावीस वर्षं झाली; ट्रोम्सोच्या उत्तरेकडच्या या बेटांवर
कुत्रीसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाहीत.

तूरबिओर्गबाई म्हणाल्या, काटा हिरव्यात आहे,
रोज बघते मी, कॉफी ठेवली की आधी तेच.
खरं होतं. हिरव्यातच होता.
पण काटा फक्त दाबाचं सांगतो,
आतल्या पावडरीचं त्याला काय ठाऊक.

सिलिंडर उतरवला, उलटा धरला,
तळाला कान लावला.
पिठाचा डबा कलंडला की होते
तशी सळसळ यायला हवी.
काही नाही.
रबरी हातोडीने ठोकलं. पुन्हा कान.
दगड.

"एइलिफ उलटा करायचा," त्या म्हणाल्या,
"एक डिसेंबरला, धुराच्या अलार्मची बॅटरी बदलून झाली की.
ढेकर काढायला बाळ घेतात ना, तसा खांद्यावर घ्यायचा,
वर थोपटायचा. मी हसायचे."
लेबलावर त्याच्या अक्षरात तारखा, एकीखाली एक.
शेवटची पेन्सिलीने,
आकडा ओळ सोडून घसरलेला.

त्यानंतर चार हिवाळे. लाकडाचं घर,
शेगडीत रात्रभर बर्चचे ओंडके.
मी हे मोठ्याने मोजलं नाही.
नियमातलं तेवढं बोलले: मुदत संपली, बदलावा लागेल.
त्यांनी विचारलं,
म्हणजे इतके दिवस हा नुसताच लाल होता?
माझ्या फॉर्मवर याला रकाना नाही.

नवा सहा किलोचा, धातू धरून दहाच्या घरात.
पिन दाखवली, सील दाखवलं, नळी कुठे रोखायची तेही:
ज्वाळेवर नाही, बुडाशी.
मग त्या खुर्चीत बसल्या, मांडीवर घेतला,
हळूच उलटा केला.
आत पावडर घसरली तशा दचकल्या.
पुन्हा केला.
तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं.

हुक मात्र खाली घ्यावा लागला,
चार बोटं, मग आणखी चार.
एइलिफ उंच असणार.
जुनं भोक बुजवू का, विचारलं.
असू दे, म्हणाल्या, आणि कॉफी ओतली.

परतीच्या बोटीत जुना माझ्या पायाशी आडवा.
लाटेसरशी गडगडायला लागला,
बुटाने अडवून धरला.
काटा अजून हिरव्यात.