दोन पानं

निपाणीत, वखारीच्या मागच्या बोळात,
बाळव्वाच्या सोप्यात आठ बायका विड्या वळायच्या
आणि मी, आठवीतला, शनिवारची सकाळची शाळा सुटली की
उंबऱ्यावर बसून त्यांना गोष्ट वाचून दाखवायचो.
मजुरी : एक शेंगदाण्याचा लाडू.
आईचा हजार लवकर भरला तर वर दहा पैसे.

पुस्तक वाचनालयाचं, पाठीला खळ लावलेलं,
शिक्का अर्धा मराठी, अर्धा कानडी.
मास्तर म्हणायचे, ही जुनी गोष्ट, नावाजलेली.
आमच्यासाठी ती फक्त शिट्टीवाल्या पोराची.

बापाच्या खांद्यावर बसून पोरगं जत्रेला जातं.
ऊस खातं, चोयट्या बापाच्या पटक्यात अडकतात.
टिनाची शिट्टी घेतं, आणि वाटेत जो दिसेल त्याला,
म्हशीला, गुरवाला, खुद्द फौजदाराला,
फुर्रर्र करून थांबवतं.
इथं जैतुनबी कात्री खाली टाकून हसायची,
सुपातला जर्दा उडायचा,
सगळ्या शिंकायच्या, हसायच्या, परत शिंकायच्या.
'आरं थांब, फौजदाराचं पुन्यांदा वाच.'

शेवटचं पान मी आदल्या रात्रीच वाचलं होतं
म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली.
शिट्टी घरी येते. पोरगं येत नाही.
आई भाकरी झाकून ठेवते.
एवढंच. लिहिणाऱ्यानं रडारडसुद्धा घातली नव्हती.

आणि बाळव्वाचा भीमू
गेल्याच आषाढात, जत्राटच्या बाजूला,
वेदगंगेत...
तिच्या सोप्यात नदीचं नाव कुणी घेत नव्हतं.
धुणं घेऊन बायका 'तिकडं' जायच्या.

म्हणून मी दोन पानं एकदम उलटली
आणि कोऱ्या जागेवरून वाचलं :
पोरगं दारात आलं, शिट्टी फुंकली,
आईनं कानात बोटं घातली, म्हणाली,
मेल्या, आधी जेव.
बायका खूश.
बाळव्वा मान खाली घालून दोरा गुंडाळत होती.
'फुडच्या शनवारी ह्योच वाच,' म्हणाली.

वाचत राहिलो, दहावीपर्यंत.
येताना पोरगं दरवेळी नवं काही आणायचं :
बत्तासे, आईला बांगड्या,
एकदा तर बोकड.

मग नोकरी, बदल्या. आई गेली. सोपा पाडून तिथं दुकानं आली.
वाचनालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली
तेव्हा ती प्रत मी उचलली.

बाळव्वा आता संकेश्वरला लेकीकडं असते.
गेलो तेव्हा नातवंडं कानडीत भांडत होती,
ती बाजेवर, डोळे गेलेले.
आवाजावरून ओळखलं मला.
चहा होईपर्यंत काही बोलली नाही. मग :

'शिरप्या, तू दोन पानं उलटायचास.'

मी बशीत बघत राहिलो.

'जलम पानं हाताळण्यात गेला माझा.
एक पान कसं वाजतं, दोन कशी,
मला कळंना व्हय?
तुझ्या आईलाबी ठाव हुतं. जैतुनलाबी.
तू पोरगं आणत हुतास,
आमी येऊ देत हुतो.
आता वाच ते.'

पुस्तक पिशवीत होतं. का नेलं होतं, सांगता येत नाही.
पानं एकमेकांना चिकटलेली,
कोपऱ्यावर कुणाचा तरी तंबाखूचा पिवळा अंगठा.
मी नखानं सोडवली. वाचलं.
वर्गात वाचतो तसा आवाज सरळ ठेवला होता,
भाकरीपाशी तो गेला.

ती ऐकत होती. बोटं गोधडीचा काठ
वळत होती, टोक दुमडत होती, बंद करत होती,
पुन्हा पुढची.
बराच वेळ.

'चांगलं लिवलंय,' म्हणाली.
'पर टिनाची नव्हती.
कोयीची हुती, आंब्याच्या. पायरीवर घासून केल्याली.
आन् घरात वाजीवली की
मी मारायची.'