शून्य रुंदीचं तावदान

केमी बंदर, जानेवारी. दुपारी अडीचलाच अंधार.
खाडी गोठलेली, बर्फफोडं जहाज धक्क्याला घोरतंय,
आणि मी वरच्या मजल्यावर खिडक्या घडवतेय.
काचेशिवाय.

आधी चौकट. मग तिच्या पोटी दोन तावदानं :
डावीकडे बर्फाचा नकाशा,
उजवीकडे येणाऱ्या जहाजांची यादी.
प्रत्येकाला सांगावं लागतं, तुझी आई कोण.
राहून गेलं सांगायचं, तरी ते जन्मतं,
मेमरीत जागा अडवून बसतं
आणि कुणाच्या दृष्टीस पडत नाही.
आई मिटली की लेकरंही मिटतात.
हा नियम माझा नव्हे, मला आयता मिळाला.

दोघांच्या मध्ये बांध, चार पिक्सेलांचा,
माउसनं धरून सरकवायचा.
नकाशाला दोन वाटे, यादीला एक,
असं लिहून मी घरी गेले.
वाटणी करणाऱ्याला वाटतं, वाटणी झाली.

पाचव्या रात्री फोन. पाळीवरची ओनेर्वा :
"जहाजं गेली."
कुठं गेली?
"मला काय ठाऊक! सात होती.
आता नुसता बर्फ आहे."

तिची नजर अधू. फटी नीट दिसाव्यात म्हणून
रोज रात्री थोडा थोडा
बांध कोरत होती ती, उजवीकडे.
यादी मेली नव्हती.
दर दहा सेकंदांनी ताजी होत होती,
सातही नावं, सातही वेळा,
शून्य रुंदीत.

बाबा काचा बसवायचे. दुहेरी खिडक्या,
दोन काचांमध्ये हिवाळ्यापुरतं शेवाळ.
म्हणायचे, काच दोन मिलिमीटर लहान काप, एवेलीना,
लाकूड फुगतं.
मी तेव्हा हसले होते बहुतेक.

म्हातारपणी ते आमच्याकडे राहायला आले.
आधी त्यांची खोली होती.
मग मुलाचं टेबल आलं, मग इस्त्रीचा फळा,
मग स्कीच्या काठ्या, त्या कुठं ठेवणार?
शेवटच्या वर्षी ते स्वयंपाकघरात
दारामागच्या स्टुलावर बसायचे.
दार उघडलं की पाय आत घ्यायचे.
कुणी ढकललं नव्हतं त्यांना.
रोज थोडा थोडा.

एक ओळ लिहिली : यादीची किमान रुंदी एकशेवीस.
आणि खाली दुसरी : पूर्ण मिटायला मनाई.
पुन्हा बांधणी केली, चालवलं, बांध ओढून पाहिला.
एकशेवीसला तो थांबला.
मी उगाच आणखी ओढला.
थांबला.

ओनेर्वाचा पुन्हा फोन, पहाटे चारला.
"हे अडकतंय गं."
अडकू दे.
"नकाशा अपुरा पडतो मला."
तुला मोठा पडदा मागून देते. जहाजं आहेत?
माउसचं चाक फिरल्याचा आवाज.
"सहा." जरा वेळानं, "सात.
सातवं खाली होतं."