उंदीरमारी

सावईवेऱ्यात आमचं कुळागर वाटलं गेलं
त्या वर्षी मोनूकाकाने एका रात्रीत काठ्या रोवल्या,
हातभर आत. आमच्या बाजूने.
सकाळी आईने पाहिलं, चूळ भरली
आणि गुरांना पाणी दाखवायला गेली.

काठ्याच त्या. ना मूळ, ना पान.
अंधारात दोन तर उलट्याच ठोकलेल्या.
पंधरवड्यात सगळ्यांना डोळे फुटले,
उलट्यांनासुद्धा.

शेतकी खात्याचे फळदेसाई मोटारसायकल लावून म्हणाले,
हे आपलं झाड नव्हे, मेक्सिकोकडचं.
तिकडे कोकोच्या बागेत सावलीला लावतात,
कोकोची आई म्हणतात.
आई म्हणाली, इथे उंदीरमारी म्हणतात.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

काका साल भातात शिजवून वळचणीला ठेवायचा.
मरायचे ते दोन्ही घरचे उंदीर.

आईचा कायदा साधा:
बुंधा त्यांचा, वाकलं ते आमचं.
आणि वाकलेलं ती सगळं उतरवायची.
पाला वायंगणाच्या चिखलात, पोटरीभर तुडवून
(चौथ्या दिवशी असा वास सुटायचा
की बसमधली माणसं खिडक्या ओढून घेत).
पाला केळीच्या घडाभोवती, वर गोणपाट,
तिसऱ्या रात्री अंधारातही कळायचं, पिकलं.
फांद्या चुलीला. त्यातली एखादी सरळ निघाली
तर कुदळीचा दांडा.
शेळीला मात्र ताजा पाला चालत नसे.
रात्रभर सुकत टाकायचा, मगच तोंड लावायची.
शिळ्याचीच आवड, आई म्हणायची,
भावोजींसारखी. जुनं उकरून खातात.

माघात पानं झडून नुसती फुलं, फिकट गुलाबी.
तेवढे दिवस कोयता भिंतीलाच.
काकू पलीकडे भांडी घासायला बसायची,
आई अलीकडे, घासलेलीच पुन्हा घेऊन.
पानं नव्हती, त्यामुळे दिसायच्या एकमेकींना.
काय बोलत, ते फुलं गळेपर्यंत चालायचं.

काका गेला. खटला फोंड्यात राहिला.
मोजणीदार आले तेव्हा बुंधे मांडीएवढे,
काकाने मागाहून मारलेली काटेरी तार
खोडांनी पोटात घेतलेली,
बाहेर नुसती गंजाची रेघ.
मेर कुठली, त्यांनी विचारलं.
प्रेमानंद म्हणाला, झाडाच्या त्या अंगाला.
मी म्हणाले, ह्या.
आई शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली.
शेवटी त्यांनी तिथलीच एक फांदी छाटली,
खूण म्हणून ठोकली, लाल फीत बांधली
आणि पुढची तारीख दिली.

तारखेला आले तर फीत नाही.
शेळीने खाल्ली होती.
खुणेला चार पानं फुटलेली,
ती तिने तशीच ठेवली होती.
ताजी होती ना.