इतिवृत्तात न घेतलेलं

बैठक क्रमांक एकोणीस. जोस शहर, हरमटानचे दिवस.
खिडकीच्या गजांवर सहारातून आलेली धूळ,
टेबलावर चार संत्री, भाजलेल्या शेंगांची बशी
आणि विषय एकच: खाट चार, कानेंग आजी, श्वासयंत्र.
मी रिफकातू, समितीची कारकून.
बोललेलं लिहिते. सगळं नाही.

रेव्हरंड चोलोम म्हणाले, श्वास देवानं फुंकला,
काढून घ्यायचा तर तोच घेईल.
बटणाला बोट लावणारे आपण कोण?
मालम तानिमू किती तरी वेळ संत्रं सोलत राहिले.
मग म्हणाले, आजार बरा होणारच नसेल
तर औषध थांबवणं म्हणजे खून नव्हे.
वेळ तर नेमलेलीच असते.
ती पुढे ढकलायला रात्रभर डिझेल जाळा,
असं मला तरी कुणी शिकवलं नाही.
मी लिहिलं. डिझेल खोडलं.

दोघांच्याही तोंडी एक शब्द सारखा यायचा: ठेव.
देह ठेव आहे. जमीन ठेव आहे.
ज्याची त्याला परत करायची, होती तशी.
मला वाटलं विचारावं,
होती कशी, हे कुणी लिहून ठेवलंय का?
पण कारकुनानं विचारायचं नसतं.

डॉक्टर नानरित उशिरा आल्या, उभ्यानंच बोलल्या.
आजीच्या रक्तात शिसं.
खाट नऊवरच्या शम्सूच्याही. वय सहा.
ती तळ्याच्या या काठाची, तो त्या काठाचा.

तळं म्हणजे खड्डा.
कथील काढायला गोरे आले, कथील संपलं, गेले.
खड्डा न्यायची सोय नव्हती.
आता पावसात भरतो, उन्हाळ्यात पिकवतो:
इकडे बटाटे, तिकडे टोमॅटो,
इकडे घंटा, तिकडे बांग,
पंप दोन, पाणी तेच.
दंगलीच्या वर्षीसुद्धा
पंप कुणी जाळले नव्हते.

रेव्हरंड हळूच म्हणाले,
ईस्टरला एकवीस जणांना मी त्यात बुडवून वर काढलं.
मालम म्हणाले, आमचा नियम साधा आहे.
रंग, वास, चव बदलली नाही तर पाणी पाक.
या पाण्याचं तिन्हीतलं काहीच बदललेलं नाही.
म्हणजे शुद्ध आहे, रेव्हरंडनी विचारलं की सांगितलं,
कळलं नाही.
रक्ताला विचारा, डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात आजीची लेक, चुंडुंग, दारात.
तिला आत बोलावलं नव्हतं.
म्हणाली, यंत्र बंद केलं
तर वाचलेलं डिझेल त्या पोराला मिळेल का?
एवढंच सांगा. बाकी मला कळत नाही.

शेंगेचं टरफल फुटल्याचा आवाज झाला.
कुणाच्या हातात होती, पाहिलं नाही.
मी लिहिलं: नातेवाइकांचं म्हणणं ऐकून घेतलं.
निर्णय पुढील बैठकीत.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली.
मालमनी कोपऱ्यातली किटली उचलली,
तोटीकडे बघत राहिले, खाली ठेवली.
खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही तळवे टेकले,
धुळीनं चेहरा पुसला, मग हात.
रेव्हरंड बघत होते.
धुळीनं चालतं?
पाणी नसेल तेव्हा चालतं.
पाणी तर आहे.
मालम काही बोलले नाहीत. चटई उलगडली.

रेव्हरंडनी आपल्या बोटांवरची धूळ पाहिली,
झटकली नाही.

मी साली गोळा केल्या, वही उघडली.
शेवटी एक रकाना असतो, मी नेहमी कोराच सोडते:
बैठकीच्या ठिकाणी उपलब्ध सोयी.
लिहिलं: खुर्च्या सात. पंखा एक, बंद.
पाणी
आणि तिथंच वीज गेली,
पलीकडे जनरेटर खोकत सुरू झाला,
आणि आम्ही सगळे, नमाजातले मालमसुद्धा असावेत,
खाट चारचा आवाज ऐकू येतो का
म्हणून कान लावून थांबलो.