आधी बिर्केला विचार

बँकेचा क्लब पगार जास्त देतो,
वर्षाला बुटांचे दोन जोड, रविवारी मटण.
त्यांच्या कोचने माझ्याकडे पाहिलंच नाही,
घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, चालेल.
वीज खात्याच्या क्लबात झिनाश आहे,
तिच्या खोलीतली दुसरी गादी रिकामी.
आईने बेकोजीहून निरोप धाडला:
गादी आहे तिथे जा.

मेलाकू मात्र निलगिरीच्या बुंध्याला टेकून
माझ्या डाव्या टाचेकडे बघत राहिला.
"कधीपासून?"
कधीपासून काय, मी म्हटलं, काही नाही.
त्याने वही उघडलीसुद्धा नाही.
"आधी बिर्केला विचार.
शिरो मेडाच्या चढावर अंडी विकते."

अंडी, मेणबत्त्या, साबणाचे तुकडे.
उभी राहते ती सगळा भार उजव्या पायावर टाकून,
डावा नुसता सोबतीला.
मेलाकूचं नाव काढताच
हातातला ट्रे खाली ठेवला तिने.
"सहा दिवस लंगडत होते.
तो रोज विचारायचा. मी रोज म्हणायचे, काही नाही.
आणि त्याला ते पटायचं,
कारण पुढच्या महिन्यात शर्यत होती, परदेशातली,
तिकीटसुद्धा आलेलं.
सातव्या दिवशी हाड..."
गिऱ्हाईक आलं.
दोन अंडी, एक मेणबत्ती.
सुटे पैसे मोजता मोजता म्हणाली,
"तेव्हापासून नवी पोरगी आली
की आधी माझ्याकडे धाडतो.
निम्म्या परत जातच नाहीत त्याच्याकडे.
तूही जाऊ नकोस. बँकेत जा, पैसे बरे आहेत."

मी उतार निम्मा उतरले,
तेव्हा वरून ओरडली:
"दर महिन्याला तीस अंडी नेतो माझ्याकडून!
त्याला अंडी पचत नाहीत, माहितेय?"

त्या रात्री आईचा फोन आला.
गादीचं मी काही बोलले नाही.

पहाटे एन्टोटोवर अंधारच होता.
वरच्या रानात तरस ओरडून गेलं.
चौदा जणी एका ओळीत, झाडांमधून नागमोडी;
इथे वाट बघायची नसते,
पुढचीचे पाय बघायचे.
माझ्यापुढचे पाय जुन्या बुटांतले,
टाचेपाशी दाभणाने शिवलेले.
दम बरोबर लागला होता,
अजून तासभर सहज पळाले असते.

वळणावर मेलाकू.
"कधीपासून?"
"तीन आठवडे," मी म्हटलं
आणि थांबले.

ओळ पुढे गेली. एकीनेही मागे पाहिलं नाही.
घाम गार पडायला लागला तसं
त्याने अंगातलं जॅकेट काढून दिलं,
मग वही काढली:
"नाव काय म्हणालीस?"
अयांतू.
खिशात माझ्या हाताला काहीतरी कोमट लागलं,
गोल, सालासकट,
शेजारी कागदाच्या पुडीत मीठ.