डीपी उडण्याआधी

गेल्या पौषात डीपी उडाली तेव्हा
एकतीस तास मोजले आम्ही,
मी घड्याळात, बाबांनी छातीत.
म्हणून यंदा दिवाळीच्या माळा उतरवतानाच
वहीचं शेवटचं पान उघडलं.

टाकी रोज संध्याकाळी काठोकाठ.
इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी.
थर्मासचं बूच नवं, झाकण जुनंच.
लाईनमन गजभियेंचा नंबर
फोनमध्ये आहे, तरी कॅलेंडरमागे खडूनं लिहिला;
फोनही शेवटी विजेचाच.

शेगडी माळ्यावर टाकली.
आईची होती, बिडाची,
तुरीच्या शेंगा तडतडायच्या तिच्यात
आणि खोलीभर माणसं हात पुढे करून बसायची.
आता ऑक्सिजनच्या खोलीत निखारा नको,
मेणबत्ती नको, उदबत्ती नको.
डॉक्टर म्हणाले, आणि मग
आईच्या फोटोकडे बघत, जरा हळू: तोही नको.
बर्डीवरून सेलवरचा दिवा आणला, तीस रुपयांचा.
ज्योत हलते त्याची, पण चुकीच्या तालात.
आई चालवून घेईल.

ऊब मग विटांची.
दोन विटा, गॅसवर तापवायच्या,
गोणपाटात गुंडाळून बाबांच्या पायाशी.
किती तापवायच्या हे कळायला
एक गोणपाट जाळावं लागलं.

बाबा बत्तीस वर्षं कोराडीला, कोल हँडलिंगला.
घरी आले की रुमाल काळा, थुंकी काळी,
बोलणं मात्र पांढरं स्वच्छ.
भेटायला येईल त्याला सांगतात,
"मी तं वीज बनवली जिंदगीभर,
आता वीज मले बनवून राहिली."
लोक हसतात. मशीन घुरघुरतं.
मी चहा ठेवायला उठते,
हा विनोद मला आता बसून ऐकवत नाही.

सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधलाय,
पाना सुतळीनं त्याच्याच गळ्यात.
दोन लिटरवर बारा तास, हिशेब तोंडपाठ.
रविवारी दुपारी डोळ्यांना ओढणी बांधून
मी सराव केला:
नळी काढ, पाना फिरव, काटा बघ,
काटा तर दिसणार नाही, मग कान लाव.
चाळीस सेकंद. मग एकतीस.
बाबा घड्याळ घेऊन, शिफ्ट इंचार्जच्या आवाजात:
"डबल."

अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात गेली.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी,
बाहेर सात डिग्री.
आधी पंखा नसतानाचा पंखा थांबल्यासारखं वाटलं,
मग कळलं, मशीन.
एवढी शांतता या घरात
त्याला आणल्यापासून नव्हती.

हात आपोआप गेला पान्याकडे.
लोखंड इतकं गार
की बोट चिकटलं असं वाटलं.
सुस्स.
बाटलीत बुडबुडे सुरू झाले.

अंधारातून, नळीच्या आतून, बाबा:
"किती?"
"एकोणीस."
खोटं होतं. मी मोजलेच नव्हते.

विटा तापवून आणल्या, गजभियेंना फोन केला,
ते म्हणाले, केबल आहे ताई, सकाळ होईल.
गच्चीवर जाऊन आले.
सिव्हिल लाईन्सच्या बाजूला आकाश फिकट, उजेड होता तिकडे.
गोधनी सगळी काळी, कुत्रीसुद्धा गप्प,
आणि उत्तरेला कोराडीच्या चिमणीवरचे लाल दिवे
लागत होते, विझत होते,
जसं काही झालंच नाही.

खाली येऊन खुर्चीत बसले.
यादीतलं सगळं जागच्या जागी.
माझे पाय फरशीवर, मोजे न घातलेले,
घोट्यापर्यंत बधिर.
मी काही बोलले नाही.
वाकळीखाली काहीतरी सरकलं,
बाबांनी पायानं ढकलत ढकलत
एक वीट पलंगाच्या काठापर्यंत आणली.
"धर," म्हणाले, "मले गरम होऊन राहिलं."

सकाळी वहीत लिहिलं:
विटा तीन.