बारक्या पाकळ्या

ऑक्टोबर सरत आला की गाउया नदीवरचं धुकं
दहा वाजेपर्यंत कोबीच्या बुंध्यांवरून हलत नाही.
मीही घाई करत नाही.
आधी फावडं टेकवायचं, मग एक गुडघा, मग दुसरा.

टोमॅटो परवाच्या हिमात काळे पडले,
शिजून गेलेल्या भाजीसारखे.
उपटून ढिगावर टाकले.
बीट काढले, गाजरं काढली,
पार्सनिप राहू दिले, थंडी खाल्ल्याशिवाय ते गोड होत नाहीत.

इल्झे आयर्लंडला मशरूम खुडते,
दिव्याखाली, छपरात, जिथे ऋतू येत नाहीत.
फोनवर म्हणते, आई, विकून टाक तो तुकडा.
मी म्हणते, लसूण लावून होऊ दे, मग बघू.
सहा वर्षं झाली, लसूण लावून होतोय.

लसणाचा हिशेब एवढाच:
टपोऱ्या पाकळ्या मातीला,
बारक्या आपल्याला.
लहानपणी मला हे उलटं वाटायचं.

सुतळीला वितीवितीवर गाठ.
गाठीखाली भोक, दोन पेरं खोल,
शेंडा वर.
उलटी पडली तरी उगवते म्हणा पाकळी,
फक्त उशिरा, वळसा घेऊन, वाकड्या मानेनं.

कुंपणापलीकडे आर्वीड्सचा वाफा.
खुबा मोडून तो सप्टेंबरपासून इस्पितळात,
वाफ्यात गुडघाभर गवत.
आमचं बोलणं बंद आहे अठरा वर्षं,
सफरचंदाच्या एका फांदीवरून.
ती फांदी केव्हाच वाळून पडली.

टोपलीत चाळीसेक टपोऱ्या उरल्या.
माझ्या वाफ्यात जागा नव्हती.
होती. एका ओळीची होती.
तरी सैल फळी सरकवून पलीकडे गेले,
गवत उपटलं, मुळांची माती तिथंच झटकली,
माझीच सुतळी त्याच्या मातीवर ताणली.
वर त्याच्याच झाडाची पानं अंथरली,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून स्प्रूसच्या डहाळ्या.
पाहिलं फक्त त्याच्या मांजरानं.
भुसभुशीत मातीवर त्याचा डोळा होता, हाकललं.

जुलैत तो चालत आला तर म्हणेन,
यंदा तुझा लसूण आपोआप उगवला.
नाही म्हणणार. बोलणं बंद आहे ना.

पाचालाच अंधार.
दिवा लावून बारक्या सोलत बसलेय.
नखाएवढी पाकळी, पण सोलायला
मोठीपेक्षा जास्त वेळ घेते.
बर्फ अजून नाही.
रेडिओ म्हणतो, गुरुवारी.